एका घरापुरता परवाना

पडदा वर जातो तेव्हा समोर एक पूल आहे. लोखंडी, हिरवा, जागोजागी गंजलेला. खाली मिसिसिपी, एप्रिलमधली, म्हणजे बर्फ सुटून आठवडा झालेली आणि कुणाशी तरी भांडून आल्यासारखी तपकिरी. डाव्या हाताला मिनेसोटा, उजव्या हाताला विस्कॉन्सिन, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर दोन्ही राज्यांची नावं सांगणारी पाटी. पाटीच्या वावभर आधी, मिनेसोटाच्या बाजूला, एक राखाडी मोटार उभी आहे. आत बसलेला पंचावन्न वर्षांचा उंच, हडकुळा माणूस कोटाच्या खिशातून एक कागद काढतो, वाचतो, घडी घालून परत ठेवतो. मग पुन्हा काढतो. त्याच्यामागे दुधाचा टँकर येऊन थांबतो. टँकरवाला भोंगा वाजवत नाही, कारण आमच्या भागात भोंगा वाजवणं म्हणजे भर रस्त्यात शिवी हासडणं. तो खाली उतरतो आणि काचेवर टकटक करतो.

"गाडी बंद पडली का?"

"नाही. परवान्यावरची तारीख बघत होतो. आजपासूनच लागू आहे ना याची."

"कसला परवाना?"

"पलीकडच्या एका घराची किंमत ठरवायचा. तात्पुरता आहे. सहा महिन्यांचा."

"बरं. पण पूल ओलांडायला तर परवाना लागत नाही ना?"

मोटारीतल्या माणसानं यावर खरोखर विचार केला. "नाही," तो म्हणाला. "पण ओलांडला आणि तारीख चुकलेली निघाली, तर परत यावं लागेल."

सत्याण्णव साली ऑरिन ट्वेटचा विस्कॉन्सिनच्या काठावरच्या आमच्या गावात झालेला प्रवेश तो असा. टँकरवाल्यानं तो पाऊण तासात बर्निसच्या कॅफेत साभिनय करून दाखवला, आणि दुपारपर्यंत त्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या गावात फिरत होत्या. नदीकाठच्या बटाट्याच्या जुन्या गोदामात आमची उन्हाळी नाटक कंपनी चौदा वर्षं चालली. तेवढ्या काळात मी किती नट धावत आत घुसताना, दाराला अडखळताना, दुसऱ्याच्या प्रवेशात शिरताना पाहिले त्याचा हिशेब नाही. आपली वेळ खरंच आली आहे का, हे विंगेत उभं राहून तीनदा तपासणारा हा पहिलाच.

त्याला बोलावलं होतं ते माझ्या शेजारच्या घरासाठी. मार्लिस ओडेगार्डचं घर. मार्लिस तेव्हा बावन्न वर्षांची होती, शाळेची बस चालवायची, लग्न केलेलं नव्हतं, आणि अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं तिनं एकटीनं केलं होतं. बाप जानेवारीत गेला. मृत्युपत्रात त्यानं घर मुलगा आणि मुलगी दोघांना अर्धं अर्धं दिलं, पण एक कलम घातलं: मार्लिसला घर हवं असेल तर तिनं भावाला अर्धी किंमत देऊन ते घ्यावं, किंमत दोघांशी काडीचाही संबंध नसलेल्या परवानाधारक व्हॅल्युअरनं लिहून द्यावी, आणि हे सगळं मेअखेरपर्यंत व्हावं. नाही झालं तर घर बाजारात.

बाजारात म्हणजे काय, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ ड्वेन अॅरिझोनाला राहायचा आणि त्याच्या ओळखीचा एक बिल्डर नदीच्या बाजूच्या टेकड्या बघून गेला होता. टेकडीवर ते घर, घरामागे सफरचंदाची एकतीस झाडं. मार्लिस त्या घरात जन्मली होती. दुसरीकडे कुठे राहायचं ही गोष्ट तिला पुस्तकात वाचून ठाऊक होती तेवढीच.

आता काडीचाही संबंध नसलेला माणूस आमच्या तालुक्यात कुठून आणायचा? तीन व्हॅल्युअर होते. पहिला मार्लिसचा मावसभाऊ. दुसरा ड्वेनबरोबर वीस वर्षं बर्फात भोकं पाडून मासे धरत बसलेला. तिसऱ्याचं दोघांशीही काही नव्हतं, पण चर्चच्या छपराच्या रंगावरून ओडेगार्ड घराण्याशी त्याचं एकोणीसशे एकाहत्तरपासून बोलणं बंद होतं, आणि वकिलाच्या मते हाही एक प्रकारचा संबंधच. म्हणून पलीकडच्या काठावरच्या हॉलम गावातला ऑरिन ट्वेट ठरला. त्याच्याकडे मिनेसोटाचा परवाना. आमच्या राज्यात यायचं तर या एका कामापुरता तात्पुरता काढावा लागला. त्यासाठी त्याच्या राज्यानं पत्र दिलं होतं की तीस वर्षांत या माणसाविरुद्ध एकही तक्रार नाही. पुलावर तो वाचत होता त्या परवान्याबरोबर हे पत्रही असायचं. बर्निस म्हणायची, "बायकोचं पत्रसुद्धा कुणी इतकं जपत नाही." बायको त्याला होती, नऊ वर्षांपूर्वी वारली होती.

या माणसाची एक खोड सांगितली पाहिजे. त्याच्या धंद्यातल्या फॉर्मवर प्रत्येक गोष्टीपुढे चार चौकोन असत: चांगलं, सरासरी, बेताचं, वाईट. तीस वर्षं तो ते चौकोन भरत आला होता आणि आता ते त्याच्या डोक्यातून निघत नव्हते. बर्निसनं पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे भाजलेल्या खिम्याचा तिचा प्रसिद्ध मीटलोफ ठेवला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "कसा आहे?"

त्यानं दोन घास नीट चावून खाल्ले. "सरासरी," तो म्हणाला.

कॅफेतली सगळी डोकी वळली.

"सरासरी म्हणजे चांगलंच असतं," तो घाईनं म्हणाला. "बहुतेक घरं सरासरीतच बसतात. 'चांगलं' लिहायचं तर कारण द्यावं लागतं."

"मग दे की कारण."

"अजून तुलना करायला दुसरा मीटलोफ खाल्लेला नाही ना."

त्या दिवसापासून गावाला खेळणं मिळालं. लोक त्याला विचारत, "ऑरिन, आमच्या बोटीचे किती येतील रे?" "ऑरिन, पाद्रीबाबांचं प्रवचन कुठल्या चौकोनात?" तो कोटाच्या खिशावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "माझा परवाना एका घरापुरता आहे." बोटीची किंमत सांगायला परवाना लागत नाही, हे कुणीतरी त्याच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाला, "परवाना लागत नाही, पण सवय लागेल."

आणि एवढ्या काटेकोर माणसानं ते एक घर मोजायला तीन फेऱ्या घातल्या.

पहिली फेरी रीतसर होती. मी माझ्या परसात कांदे लावत होते, त्यामुळे मला दिसणं भाग होतं. तो एकटाच काम करायचा, टेपच्या कडीतून एक जुना स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसायचा आणि चालत सुटायचा. मार्लिस बसच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात घरी होती. तिनं थोडा वेळ खिडकीतून पाहिलं, मग बाहेर आली आणि म्हणाली, "मिस्टर ट्वेट, तो स्क्रूड्रायव्हर माझ्या ट्यूलिपमध्ये जातोय. द्या इकडे ते टोक."

"मालकांनी टेप धरायची पद्धत नाही, मिस ओडेगार्ड."

"नियम आहे का तसा?"

त्यानं विचार केला. "नियम नाही."

"मग द्या."

घराला चार बाजू असतात. चार वेळा टेप ताणायची, चार आकडे लिहायचे, फार तर चाळीस मिनिटांचं काम. दोघं दोन तास त्या घराभोवती फिरत होती, मध्ये पन्नास फुटांची पिवळी टेप. ती काहीतरी बोलायची, तो हसायचा, टेप हलायची, मग पुन्हा मोजायचं. शेवटी तिनं विचारलं, "कॉफी घेणार?"

आता, आमच्याकडे कॉफीला पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणायचं, "उगाच कशाला त्रास." तिसऱ्यांदा म्हणायचं, "बरं, अर्धा कप, केलेलीच असेल तर." माझ्या सासूबाईंनी तर शेवटच्या आजारात डॉक्टरांच्या औषधालासुद्धा दोनदा नाही म्हटलं होतं. पहिल्या विचारण्याला जो हो म्हणेल तो एक तर शिकागोचा किंवा त्याची शुद्ध हरपलेली.

ऑरिन ट्वेट पहिल्याच विचारण्याला "हो" म्हणाला.

मी कांद्याचं रोप हातात धरून तशीच उभी राहिले. मार्लिसही क्षणभर थबकली. तिची दुसरी आणि तिसरी विनंती तोंडात तयार होती, त्यांचं काय करावं तिला कळेना. मग ती आत गेली आणि तिनं नुसती कॉफी नाही, रुबार्बच्या आंबट देठांचा भाजलेला गोड 'पाय'ही आणला.

दुसऱ्या फेरीला तो म्हणाला, पोर्चचं माप पुन्हा घ्यायला हवं. माप तेच निघालं. तिसऱ्या फेरीला म्हणाला, धुराडं एकदा दुपारच्या उन्हात बघायला हवं. बर्निसनं मला विचारलं, "काय गं नाटकवाली, धुराडं उन्हात वेगळं दिसतं का?" मी म्हटलं, प्रकाशयोजनेवर बरंच काही अवलंबून असतं.

आम्ही हसत होतो, पण मार्लिसची झोप उडालेली होती. ती मला म्हणायची, "त्यानं आकडा फार मोठा लिहिला तर बँक मला दारात उभं करणार नाही. आणि त्याला विचारताही येत नाही. विचारलं की तो खिशावर हात ठेवतो." आकडा असा हवा होता की तो तिला झेपेल, आणि असा की ड्वेनला त्यावर बोट ठेवता येणार नाही. सगळं त्या एका माणसाच्या एका सहीवर होतं.

बारा मे. थंडी संपली की आमच्याकडे हिवाळी खिडक्या उतरवतात, दुहेरी काचेच्या जड चौकटी. मार्लिसनं मला हाताशी बोलावलं होतं. बैठकीच्या खोलीची सगळ्यात मोठी खिडकी आम्ही दोघींनी दोन टोकांना धरून काढली आणि पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात राखाडी मोटार येऊन उभी राहिली. ऑरिन उतरला. अंगावर रविवारचा कोट. वार सोमवार होता.

तो आमच्यासमोर आला आणि नेमका काचेच्या पलीकडे उभा राहिला. आम्ही अलीकडे, हातात शंभर पौंडांची खिडकी.

"मिस ओडेगार्ड," तो म्हणाला, "मला अहवालावर सही करता येत नाही."

"पेन संपलंय का?" मी विचारलं. मला वाटलं, वातावरण जरा हलकं होईल.

मार्लिसचा चेहरा पांढरा पडला. "पाया खचलाय ना? मला वाटलंच होतं. उत्तरेचा कोपरा."

"पाया भक्कम आहे. पायाबद्दल मी 'चांगला' लिहिलंय. कारणासकट."

"मग छप्पर."

"छप्पर सरासरी आहे." त्यानं घसा साफ केला. "अहवालाच्या शेवटच्या पानावर एक वाक्य असतं. छापीलच असतं. 'या मालमत्तेत माझा आज किंवा पुढे कोणताही हितसंबंध नाही, आणि संबंधित व्यक्तींविषयी माझ्या मनात कोणताही वैयक्तिक ओढा नाही.' त्याखाली सही करायची. गेली कित्येक वर्षं मी ते न वाचताच सही करत होतो. शनिवारी वाचलं."

"मग?"

"ते खोटं आहे."

मला खिडकी खाली ठेवायची होती, पण मार्लिस तिचं टोक सोडेना. खांदे भरून आले होते. तरी खरं सांगायचं तर त्या क्षणी कुणी मला बसायला खुर्ची दिली असती तरी मी घेतली नसती.

"कुठला भाग खोटा आहे?" मार्लिसनं विचारलं.

"दुसरा," ऑरिन म्हणाला. मग त्याच्यातला काटेकोर माणूस जागा झाला. "पहिल्याबद्दल आज तसं काही नाही. पण त्यात 'पुढे' असाही शब्द आहे. त्याबद्दल मला ठामपणे काही सांगता येणार नाही."

मार्लिस कपाळापासून गळ्यापर्यंत लाल झाली. आयुष्यात तिला कुणी असं काही म्हटलं नव्हतं, आणि एवढ्या वाईट शब्दांत तर कुणालाच कुणी म्हटलं नसेल. मग तो लाल रंग बदलला.

"एकोणीस दिवस राहिलेत," ती म्हणाली. "एकोणीस दिवसांत कागद आला नाही तर हे घर जाईल. माझं घर, ऑरिन. तुला आधी सही करून मग ते वाचता आलं नसतं?"

तिच्या तोंडून 'मिस्टर ट्वेट' गळून पडलं होतं. रागात असेना, पण ते पहिलं 'ऑरिन' होतं, आणि ते ऐकल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आलं असतं," तो म्हणाला. "पण जे वाटायचं ते आधीच वाटलं होतं. नुसतं वाचलं नंतर."

"जा," मार्लिस म्हणाली.

आमच्या काठावर निरोप घ्यायला अर्धा तास लागतो. आधी खुर्चीतून उठून गुडघ्यावर हात मारायचा, मग दारात बोलायचं, मग मोटारीशी, मग मोटारीच्या काचेतून. ऑरिन एका शब्दावर गेला. त्यावरून गावानं ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

पुढचं मला व्हर्ना शुल्टेकडून कळलं. व्हर्ना आयोवातली व्हॅल्युअर, ऑरिनच्याच वयाची, सिगारेटच्या आवाजाची. एका धान्याच्या कोठारावरून त्या दोघांचं त्र्याऐंशी साली वाजलं होतं आणि तेव्हापासून ती परिषदांमध्ये त्याच्यापासून तीन रांगा लांब बसत असे. ऑरिन त्याच दिवशी चार तास गाडी हाकून तिच्या दारात गेला. कोट तोच, रविवारचा.

"मला एका घरासाठी माणूस हवंय," तो म्हणाला. "जिला त्या गावातलं कुणी आवडत नाही आणि जी कुणाला आवडत नाही, अशी."

"म्हणून माझी आठवण झाली."

"हो."

व्हर्ना म्हणाली, चौदा वर्षांत पहिल्यांदा तो तिला बरा वाटला. "आणि तुझ्यासाठी मी दोन राज्यं ओलांडून जायचं?"

"माझ्यासाठी नको. माझ्यासाठी गेलीस तर तुलाही सही करता येणार नाही."

व्हर्नालाही तात्पुरता परवाना काढावा लागणार होता. अर्ज, तिच्या राज्याचं पत्र, मग आमच्या राजधानीतल्या कार्यालयाचे पाच दिवस. टपालावर विसंबून राहिलं असतं तर मे निघून गेला असता. ऑरिननं ते पत्र आयोवाच्या राजधानीतून स्वतः आणलं, आमच्या राजधानीत स्वतः दिलं, आणि त्याच खिडकीवर आपला स्वतःचा परवाना परत केला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "अजून पाच महिने शिल्लक आहेत, परत कशाला?" तो म्हणाला, "काम झालं नाही आणि होणारही नाही." बाईंनी त्याला पाणी दिलं, असं व्हर्ना सांगते.

त्या दिवसांत व्हर्नानं त्याला फोनवर पिडलं. "निदान विहीर किती खोल आहे ते तरी सांग."

"मोजायला तुझ्याकडे दोरी आहे."

"तू आकडा काढलास ना? माझा त्याच्या आसपास आहे का एवढं सांग, फक्त मान हलव."

"फोनवर आहोत आपण, व्हर्ना."

तो आकडा त्यानं नियमाप्रमाणे पाच वर्षं कुलपात ठेवला आणि पाच वर्षं पुरी झाल्यावर जाळला. मार्लिसलाही सांगितला नाही.

व्हर्ना घर मोजायला आली तेव्हा महिन्याचे आठ दिवस उरले होते. मार्लिस आत ओट्याशी उभी राहून तीच बशी पुन्हा पुन्हा पुसत होती. टेप धरायला ती गेली नाही. व्हर्नानं स्क्रूड्रायव्हर थेट ट्यूलिपमध्ये घातला तरी नाही. आणि ऑरिन? तो पुलावर होता. पाटीच्या पलीकडे, मिनेसोटाच्या बाजूला मोटार लावून कठड्याशी उभा. बर्निसनं त्याच्यासाठी सँडविच नेलं.

"इतका जवळ आलायस तर ये की अलीकडे," ती म्हणाली.

"परवाना परत केलाय."

"अरे शहाण्या, किंमत नको करूस. नुसता पाय टाक."

"आत्ता मी तिथे दिसलो तर ड्वेनचा वकील म्हणेल, मी व्हर्नाच्या कानाला लागलो."

बर्निस परत येऊन म्हणाली, "वेडा आहे. आणि सँडविच चांगलं आहे म्हणाला. मी कारण विचारलं नाही." तिच्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदाच थट्टा नव्हती.

अठ्ठावीस मेला अहवाल आला. आकडा मोठा होता. मार्लिसनं तो वाचला, टेबलावर पालथा ठेवला आणि पुन्हा सुलटा करून वाचला. मग ती बँकेत गेली, नदीकाठचा तिच्या नावावरचा शिकारीच्या जमिनीचा तुकडा तिनं विकायला काढायचं ठरवलं, आणि बसच्या उन्हाळी फेऱ्याही घेतल्या. ओढाताण झाली, पण जमलं.

तीस तारखेला ड्वेन आला, उन्हानं भाजून तांबूस झालेला. वकिलाकडे जाण्याआधी तो कॅफेत शिरला, आणि त्याची कॉफी निवायच्या आत बर्निसनं त्याला सगळं सांगून टाकलं: टेप, रुबार्ब-पाय, धुराडं, खिडकी, आणि आजही पुलावर येऊन उभा राहिलेला ऑरिन. मला वाटलं, संपलं आता. ड्वेननं कप खाली ठेवला.

"म्हणजे त्या माणसाची माझ्या बहिणीवर नजर होती, आणि त्यानं सही केली नाही?"

"नाही केली."

"केली असती तर मी ती कोर्टात फाडली असती. बिल्डरचा वकील त्याचीच वाट बघत होता." त्यानं चमचा बशीत ठेवला. "सगळा उन्हाळा त्यातच गेला असता. आणि घरही." मग त्यानंही रुबार्ब-पाय मागवला, आणि खाऊन झाल्यावर वकिलाकडे जाऊन एक शब्दही न काढता सही केली. बहिणीनं दिलेला चेक खिशात घातला. दारात तो तिला म्हणाला, "त्याला पुलावरून खाली आण आता. सर्दी होईल."

मार्लिस शाळेची बस घेऊन पुलावर गेली. रिकामी पिवळी बस. तिनं ती पाटीच्या पुढे नेऊन त्याच्या मोटारीशेजारी उभी केली, दार उघडलं, आणि दोघं काय बोलले ते कुणाला ठाऊक नाही, कारण मागे रांग लागली तरी कुणी भोंगा वाजवला नाही आणि जवळ जायचं धाडसही केलं नाही. ऑक्टोबरमध्ये लग्न झालं. पाद्रीबाबांनी शपथ सांगितली, तर ऑरिननं ती आधी कागदावर मागून घेतली आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. सगळं चर्च थांबलं. मग त्यानं मान डोलावली.

चौदा वर्षं तो त्या घरात राहिला. सकाळी पूल ओलांडून हॉलमला कामाला जायचा, संध्याकाळी परत. आमच्या राज्याचा कायमचा परवाना त्यानं काढला नाही. म्हणायचा, या काठावर मत नसलेलंच बरं, संसार सुखाचा होतो. दर सहा महिन्यांनी बर्निस मार्लिसला विचारायची, "काय गं, याच्या परवान्याची मुदत वाढवलीस का?" आणि मार्लिस म्हणायची, "अर्ज आलाय. बघतेय."

शेवटच्या हिवाळ्यात त्याचं हृदय थकलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी घरी आणायला सांगितलं, आणि याचा अर्थ आम्हाला कळला. त्याची खाट बैठकीच्या खोलीत मोठ्या खिडकीशी लावली होती. तो शेवटचे दोन दिवस बोलत नव्हता. डोळे मिटून असायचा, मार्लिसचा हात मात्र धरून. मी दुपारी जाऊन बसायची.

आणि नेमक्या त्या दुपारी घरपट्टीचा माणूस आला. गावातली सगळी घरं त्या वर्षी नव्यानं मोजायची होती. गॅरी नावाचा, पन्नाशीचा, भला गृहस्थ. खाट पाहून तो ओशाळला, टोपी हातात घेऊन म्हणाला, "मी पुन्हा कधीतरी येतो."

"आलायस तर कर बाबा," मार्लिस हळू आवाजात म्हणाली. "हा बोलत असता तर त्यानंही तुला परत पाठवलं नसतं."

गॅरी चवड्यांवर चालत खोल्या फिरला, बाहेरून घर मोजलं, आणि परत येऊन खाटेच्या पायथ्याशी उभ्या उभ्याच कागद भरू लागला. पुटपुटत होता, आपल्याशीच. "तीन बेडरूम. स्वयंपाकघर. पोर्च. न्हाणीघर एक."

मार्लिसनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिच्या गुडघ्यांना जिना झेपेना म्हणून ऑरिननं काही वर्षांपूर्वी खाली धुलाईच्या खोलीशेजारी स्वतःच्या हातानं दुसरं न्हाणीघर बांधलं होतं, रीतसर परवानगी काढून. पण त्या अंधाऱ्या बोळात गॅरी वळलाच नव्हता. एका न्हाणीघरानं पट्टीत पडणारा फरक आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. असल्या वेळी गावात कुणी तोंड उघडत नाही. ते पाप समजलं जात नाही, शेजारधर्म समजला जातो.

गॅरीनं पेनचं टोपण लावलं. मार्लिसनं ऑरिनचा हात हलकेच दाबला, का ते मला माहीत नाही, कदाचित सवयीनं, कदाचित गप्प राहा म्हणून. त्यानं डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाटेच्या पायथ्याशी, गॅरीकडे. ओठ कोरडे होते, मी पाण्याचा चमचा पुढे केला, त्यानं तो बाजूला सारला.

"खाली आणखी एक न्हाणीघर आहे," ऑरिन म्हणाला. "शॉवरसकट."